खरी नक्कल

एप्रिलात शहाद्याला दुपारी
कुणी कुणाकडे काही मागत नाही.
कुत्रीसुद्धा कॉलेजच्या कॅन्टीनमागे मोरीत पडून असतात.
अशा वेळी ती खिडकीशी आली:
सेवंती खुमसिंग पावरा, टी.वाय.बी.ए.,
मुलींचं वसतिगृह, खोली अकरा.
जोडपत्र 'अ', दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट
नीट काटकोनात चिकटवलेलं.

"साहेब नाहीत," मी म्हणालो.
"साहेब नकोत काका, पोच हवी."

मी अर्ज वाचला. वाचायचं माझं काम नव्हे,
माझं काम आवक क्रमांक टाकणं.
वसतिगृहासाठी खरेदी केलेले दोन वॉटर कूलर:
बिलाची प्रत, साठा नोंदवहीची प्रत,
आणि ते सध्या कुठे आहेत.
शेवटची ओळ तिनं दोनदा गिरवली होती.

सुकलाल शिपाई माझ्या कानाशी लागला,
"भाऊ, हाई पोर काई ऐकाव नही."
साहेब एवढंच म्हणाले, तीस दिवस आहेत ना,
तीस दिवस असू द्या.

अठ्ठाविसाव्या दिवशी तिला पत्र गेलं.
पानं एकाहत्तर, दराने दोन रुपये, एकशे बेचाळीस.
मी म्हटलं, दारिद्र्यरेषेचा दाखला असेल तर फी माफ आहे.
म्हणाली, "आहे दाखला.
पण पैसे भरले की पावती मिळते."

मग मी झेरॉक्सपुढे उभा राहिलो.
खोलीत बाहेरच्याइतकंच ऊन, वर यंत्राचं निराळं.
पान साठ. कोटेशनं तीन, अक्षर एकाच माणसाचं.
पान एकसष्ट, बासष्ट.
पान त्रेसष्ट:
'दोन नग मिळाले. चालू स्थितीत.'
खाली सही.
को-ळं-बे. शेवटच्या मात्रेला माझाच तो झोका,
शाळेत गुरुजींनी ज्यासाठी छडी मारली होती.

कधी केली?
आठवत नाही, हेच खरं. मार्च एंडिंग असणार.
गठ्ठा आला असणार, पेन्सिलीच्या फुल्या मारलेला,
फुली दिसली की सही, फुली दिसली की सही,
मध्येच कुणी विचारलं असणार, चहा कमी साखरेचा ना?

साहेब दारातून म्हणाले,
"कोळंबे, टोनर कमी आहे वाटतं.
एखादं पान पुसट आलं तर
यंत्राला कोण काय बोलणार."
आणि निघून गेले. त्यांचं बोलणं नेहमी असंच,
कुठल्या वहीत नोंदवता येत नाही.

मी झाकण उघडं ठेवून बसलो.
खिडकीतून वसतिगृहाचा हापसा दिसतो.
चार मुली, सहा कळश्या,
एक जण दांड्याला अक्षरशः लोंबकळलेली.
सव्वीस वर्षं ही खिडकी माझीच आहे.

गडद करायचं बटण दोनदा दाबलं.
पान आलं काळंकुट्ट, सही तर
मूळ कागदापेक्षाही ठळक.

मग शिक्का. 'खरी नक्कल.'
हे दोन शब्द रोज एकत्र मारताना
मला कधी विचित्र वाटलं नव्हतं.
शिक्क्याखाली सही लागते. ती मीच करतो.
म्हणून त्रेसष्ट नंबरच्या पानावर
माझ्या दोन सह्या आहेत:
एक न पाहिलेल्या वस्तूची,
एक पाहिलेल्या कागदाची.
हस्ताक्षरतज्ज्ञाला विचाराल तर सांगेल,
माणूस एकच.

तिनं व्हरांड्यात बसून सगळी पानं मोजली.
एका जागी थांबली. बोट ठेवलं.
वर पाहिलं, माझ्या टेबलावरची पाटी वाचली,
पुन्हा खाली पाहिलं.
मी आवक रजिस्टरमध्ये
मान घालून काहीतरी शोधत राहिलो.

"काका, कूलरचं शेवटचं उत्तर नाही यात.
'कुठे आहेत' त्याचं."
"पहिलं अपील कर," मी म्हणालो, "प्राचार्यांकडे.
वीस रुपयांचं तिकीट. कारणात लिही,
अपूर्ण माहिती."
मग आवाज खाली आणून, "आणि नोंदवहीची
प्रत्यक्ष पाहणी माग. मागचं पानही बघ."

तिनं लिहून घेतलं. घसा कोरडा झाला असावा,
इकडेतिकडे पाहत होती.
मी उठलो, कोपऱ्यातल्या माठातून
तांब्या भरून दिला.

त्याची पोच तिनं मागितली नाही.